बिनदाताचा प्रोसेसर

...आणि वर मलाच म्हणत्यात, "आबा, तुमी जळताय." मी जळतोय? ह्या वयात? त्या गेणभाऊवर? तुमाला सांगतो, माणसानं जळायचं तर समोरचा तेवढा तोलामोलाचा पायजे. गेणभाऊ म्हंजे माझा साडू. आमच्या हिची धाकटी बहीण त्याला दिल्याली, ऱ्हातो अवसरी बुद्रुकला, उंचीनं माझ्या खांद्याला लागतो, आणि डोकं तर एवढंसं, सोलल्याल्या नारळाएवढं. त्याच्यावर जळू व्हय मी? मी जळत न्हाई. मला फक्त त्याचं चांगलं झाल्यालं बघवत न्हाई, एवढंच.

झालं काय, माझ्या गुडघ्याचं आपरेशन झालं. येडगावात चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवला मी, धरणाच्या कडंची निम्मी रानं माझ्या नांगराखालनं गेल्याली, आणि त्यो कालचा डाक्टर म्हणतो, आता क्लच दाबायचा न्हाई. पोरानं त्याच दिवशी ट्रॅक्टरची चावी कपाटात टाकली आणि कपाटाची चावी खिशात. मंग मी जाऊ कुठं? बसलो कांद्याच्या चाळीला लागून खोली हाय तिथं. तिथं आमच्या ऋतिकचा कॉम्प्युटर धूळ खात पडला व्हता. ऋतिक म्हंजे नातू, पुण्यात नोकरीला. कॉलेजात आसताना गेम खेळायला त्यानं त्यो डबा घेतल्याला, आठ-नऊ वर्षं झाली, आतून लाल-निळं दिवं लागत्यात, गणपतीच्या मखरासारखं. त्यानं मला एक गेम लावून दिला. शेतीचा. रान हाय, नांगर हाय, ट्रॅक्टर हाय, आणि टेबलाला आवळल्यालं खरंखुरं ष्टेरिंग. क्लचच न्हाई! पयल्या दिवशी बांधावर ट्रॅक्टर वळवला, नांगराचं सरळ तास धरलं, आणि तुमाला सांगतो, माझ्या डोळ्यात पाणी आलं. कोंडाबाई, म्हंजे आमची ही, दारातनं बघत व्हती. म्हणली, "कांद्यानं आलं आसंल."

आता एवढं सुख आपल्या पोटात ठेवावं का न्हाई? पर मला दम निघंल तर ना. मीच फोन करून गेणभाऊला सांगितलं... मुद्दाम. त्येला वाईट वाटावं म्हणून. आता खोटं कशाला बोलू?

आठ दिवसांत त्याचा फोन. "पावणं, आमी बी घेतला." आवाज आसा गोड, का फोनला मुंग्या लागाव्यात. त्याची नात तेजस्विनी इंजिनेरिंगला हाय, कॉम्प्युटरच शिकती. तिनं आजाला डबा जुळवून दिला, त्यात नवा प्रोसेसर घातला, आणि मंग दर रविवारी सकाळी आमी दोघं नेटवरनं खेळायला लागलो. एकाच मापाची दोन रानं, एक माझं, एक त्याचं. कानाला यंत्र लावायचं, बोलत बोलत नांगरायचं, आधी जो रान संपवंल त्यो जिंकला.

बारा रविवार झालं. बारा! बाराच्या बारा वेळा गेणभाऊ!

मला नांगरता येत न्हाई व्हय? ज्या माणसानं आयुष्यात दोन म्हशी आणि एक सायकल चालवली त्यो मला हरवणार? पर माझा ट्रॅक्टर वळणावर आला का गपकन थांबायचा. चित्र हाय तिथं, धूळ हवेत लटकल्याली, चिमणी उडता उडता थांबल्याली, आणि मी ष्टेरिंग धरून फोटोत बसल्यासारखा बसल्याला. मंग एकदम हिसका मारून पुढं, ते थेट बांधावर. आणि कानात गेणभाऊ... "पावणं, च्या पिऊन येऊ का? तवर तुमचं उरकंल." घटकाभरानं परत, "पावणं, आलो बरं का पिऊन. अजून तिथंच का?" मी म्हणायचो, व्हय, जमीन जरा कठीण हाय हिकडं. गेमातली जमीन! काय बोलणार दुसरं? मी जळत न्हाई, पर कानाचं यंत्र मी दोन वेळा आपटलं, ह्ये खरं हाय.

इथवर बी मी सोसलं आसतं. पर मधी पोपट आला. पोपट म्हंजे आमचा मेव्हणा, आमा दोघांच्या बायकांचा भाऊ, ऱ्हातो वर तळेघरला. त्याच्या पोरीचं, प्रतीक्षाचं लगीन ठरल्यालं. आता आमच्यात रीत काय हाय, मांडवात जावयांना फेटं बांधायचं, आणि पयला फेटा थोरल्या जावयाला. थोरला जावई कोण? मी. पंचेचाळीस वर्षं त्या घरातला पयला फेटा ह्या डोक्यावर हाय. माझा फेटा पुरा होऊन शेमला पाठीवर पडला, का मंग गेणभाऊचा सुरू. त्यानं हात बांधून हुभं ऱ्हायाचं आणि बघायचं. मला सासुरवाडीनं आयुष्यात एवढंच दिलं, आणि खरं सांगतो, मला तेवढंच पुरलं.

तर सुपारीच्या पंगतीत ह्यो गेणभाऊ सगळ्यांसमोर म्हणतो, "औंदा पयला फेटा नांगरून ठरवायचा का पावणं? लग्नाच्या आदल्या रविवारी. जो जिंकंल त्याचा मान." सगळी हसली. पोपट तर भातावर आमटी घेता घेता म्हणला, चालतंय की, मी तयार हाय. आन मी? पंगतीत पन्नास माणसं माझ्या तोंडाकडं बघत्यात. आमची ही हळूच म्हणती, "न्हाई म्हणा." ती न्हाई म्हणा म्हणली म्हणून मी व्हय म्हणलो.

घरी येऊन ऋतिकला फोन लावला. त्यानं समजावून सांगितलं, आबा, प्रोसेसर म्हंजे कॉम्प्युटरचं डोकं, आणि ग्राफिक कार्ड म्हंजे डोळं. तुमचं डोळं चांगलं हायेत, कार्ड मी मागाहून भारीतलं टाकलंय. डोकं जुनं झालंय. बदलायला लागंल, पर डब्याला हात लावू नका, लग्नाला येतो तवा मी बघतो. लग्नाला? आणि रविवार लग्नाच्या आधी! बरं, फेट्याचं त्याला सांगू कसं? म्हणलं, बरं बाळा. फोन ठेवला आणि पान्हा घेतला.

डबा उघडला. आत कांद्याचा पाला, पालीची दोन अंडी आणि मधोमध एक पंखा. पंखा काढला. त्याच्याखाली दही वाळल्यासारखं पांढरं काय तरी. ते पुसलं. पुसलं तर खाली पत्र्याची चौकोनी टिकली, बाजूला बारीक दांडी. दांडी वर घेतली, टिकली हातात आली. ह्योच प्रोसेसर. उलटा करून बघितला.

आता तुमीच सांगा. मी काय शाळा शिकल्याला माणूस न्हाई, तिसरी झाली आणि गुरं वळाय गेलो. पर जनावर कळतं मला. बाजारात बैल घेताना पयलं काय बघायचं? रंग बघायचा न्हाई, शिंगं बघायची न्हाईत, मालक काय म्हणतो ते तर ऐकायचंच न्हाई. खालचा ओठ दाबायचा आणि दात बघायचं. आणि मी प्रोसेसर उलटा केला तर तोंडात एक दात न्हाई. सपाट! नुसत्या हिरड्या! म्हणलं, हात तिच्या, म्हाताऱ्याचं दातच पडलेत, ह्यो काय नांगर वढणार? आणि जिथनं काढला तिथं खाली वाकून बघितलं, तर शेकड्यानं बारीक बारीक सोनेरी टोकं! म्हंजे दात तुटून आत रुतून बसल्यालं. ऋतिकच्या दुर्लक्षानं, दुसरं काय. मंग मी आमच्या हिचा जुना दातघासणीचा बुरूस आणला आणि लागलो घासायला. आडवं घासलं, उभं घासलं, जी टोकं निघंनात ती सुईनं उचकली. निघंनात, पर सगळी चांगली आडवी झाली. म्हणलं आता कसं, सपाट, गोठा झाडल्यावानी. कोंडाबाई म्हणली, "ऋतिकनं हात लावू नका म्हणलं ना?" म्हणलं, हातानं कुठं लावतोय, बुरूस हाय.

दुसऱ्या दिवशी नारायणगावला गेलो. एका दुकानात जुनं-पानं कॉम्प्युटरचं सामान मिळतं. दुकानदार विचारतो, "बाबा, बोर्ड कोणता आहे तुमचा?" आता, घरी कसला बैल हाय ते इकणाऱ्याला कधी सांगायचं आसतं का? आपली गरज कळली का त्यो भाव चढवतो. मी म्हणलं, तुमी माल दाखवा. त्यो म्हणतो, "फोटो आहे का?" म्हणलं, फोटो लग्नात काढायचा आसतो, माल दाखवा. त्यानं डोक्याला हात लावला आणि एक सपाट काढला. मी लगेच उलटा केला. दात न्हाईत! म्हणलं, मला म्हातारा समजून म्हातारा गळ्यात मारताय व्हय? दुसरा काढला. उलटा केला... आहाहा. काय दात! एकसारखं, बारीक, सोन्यावानी, एका रांगंत, एक बी कमी न्हाई. मी बोटानं चाचपून बघितलं, तर त्यो केवढ्यानं वरडला, "बाबा, पिना वाकतील!" म्हणलं, दात बघितल्याबिगर घेत न्हाई मी. मंग सौद्यासाठी माझं उपरणं त्याच्या हातावर टाकलं आणि खालनं त्याची बोटं धरली, बाजारात दलाल भाव करत्यात तशी. त्यो एकदम मागं सरकला. रीतच ठाऊक न्हाई आताच्या पोरांना. जाताना परत म्हणला, "बाबा, बसतोय का बघा हां, नाहीतर परत घेणार नाही." म्हणलं, दात हायेत तर बसणारच.

घरी आलो. ठेवला जागंवर. बसंना. फिरवून ठेवला. बसंना. अंगठ्यानं जरा दाबला. मंग त्याच्यावर पंखा ठेवून आवळला, का नव्या बैलाच्या मानंवर जू ठेवलं का पयल्यांदा झटकतोच. बटण दाबलं. लाल-निळं दिवं लागलं, मखर उजळलं, आणि... काय न्हाई. परत दाबलं. दिवं, आणि पुढं काय न्हाई. तिसऱ्यांदा तर दिवं बी न्हाईत. कोंडाबाईनं उदबत्ती लावून बघितली. तुमाला सांगतो, मी त्या खोलीत ष्टेरिंग धरून तसाच बसलो, पडदा काळा. म्हणलं, गेला. पयला ट्रॅक्टर पोरानं काढून घेतला, दुसरा मी माझ्या हातानं मारला.

शनवारी गेणभाऊला फोन केला, म्हणलं उद्या जमायचं न्हाई, हिकडं नेट न्हाई, लाईट न्हाई, बिबट्या बी दिसलाय. त्यो "बरं" म्हणला. आणि दोन तासात दारात! तेजस्विनीच्या गाडीवर मागं बसून. का? म्हणं, "पावण्यांचा आवाज बरा वाटला न्हाई." बघा हां. आसा माणूस. ह्याच्यावर धड रागावता तरी येतं का?

तेजस्विनीनं डबा उघडला. आत बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत आत बघितलं. "आबा, ह्या पिना कुणी वाकवल्या?" म्हणलं, पिना न्हाईत बाळ त्या, जुन्याचं पडल्यालं दात हायेत. मी साफ केलं. पोरगी गुणाची, हसली न्हाई, नुसती वढणी तोंडात धरून भायेर गेली, आणि मंग गोठ्यामागनं हसायचा आवाज आला. परत येऊन तिनं सांगितलं, काही प्रोसेसरला पिना आसत्यात, काहींना नसत्यातच, त्यांच्या पिना बोर्डातच आसत्यात. तुमचा बिनपिनांचा व्हता आणि चांगला व्हता. आता बोर्ड गेला. मी म्हणलं, आणि ह्यो नवा? तिनं नवा हातात घेतला, आठ-दहा दात वाकल्यालं ते पातळ पात्यानं एकेक करून सरळ केलं, उजेडात धरला, आणि तिचा चेहरा बदलला. म्हणली, "आजोबा, हा तर आपल्या बोर्डला बसतो. आपल्यापेक्षा लई भारी आहे."

कळलं का तुमाला? सगळ्या नारायणगावच्या बाजारातनं, उपरणं टाकून, दात मोजून, मी जो प्रोसेसर निवडला... त्यो गेणभाऊच्या कॉम्प्युटरसाठी!

मंग गेणभाऊ माझ्याशेजारी बाजंवर टेकला आणि म्हणला, "पावणं, तरणं व्हतो तवा तुमचा एक बैल व्हता, माझा एक. मंग शर्यतीला घाटात गाडा कसा पळवला आपण?"

म्हणलं, पैऱ्यानं.

"मंग करू की पैरा. तुमचा प्रोसेसर, तुमचं कार्ड, माझा बोर्ड. एकच कॉम्प्युटर करू, चांगला. एकामागं एक नांगरू, घड्याळ लावून, घाटातल्या बारीसारखं."

पैरा मला ठाऊक हाय हो. माझा बैल सगळ्यात पुढं पळायचा, आणि भोंग्यावर पुकारायचं काय, "अवसरीच्या गेणभाऊंचा गाडा!" का, तर नाव नोंदवायला ह्यो आधी जाऊन हुभा ऱ्हायचा. तवापास्नं... पर मी जळत न्हाई. मी म्हणलं, चालतंय. न्हाईतर करणार काय व्हतो? माझ्याकडं ऱ्हायलं व्हतं नुसतं मखर.

रविवारी ष्टेरिंग मांडीवर घेऊन यष्टीनं अवसरीला गेलो. तेजस्विनीनं सगळं जुळवून ठेवल्यालं. मोबाईलवर घड्याळ लावलं, पोपट खाली आला व्हता, त्यो पंच. बारी माझी पयली. आणि तुमाला सांगतो... काय चाललाय ट्रॅक्टर! बांध आला, वळवला, थांबला न्हाई. धूळ उडती ती खाली बसती. चिमणी उडती ती झाडावर जाती. मी पेरायच्या आधी नांगरतो तसं नांगरलं, दोरी धरल्यावानी तासं. क्लच आठवला न्हाई, गुडघा आठवला न्हाई, गेणभाऊ बी आठवला न्हाई, फेटा बी न्हाई. शेवटचं तास ऱ्हायलं. घड्याळ बघून तेजस्विनी म्हणती, आबा, आजोबांच्या कुठल्याही वेळेपेक्षा कमी चाललंय. त्या तासातलं बी अर्धंच ऱ्हायलं...

लाईट गेली.

पडदा काळा. पोपट म्हणतो, आता? आता काय, बारी बाद. ते रान पयल्यापास्नं नांगरायला लागंल म्हणली तेजस्विनी, आणि लाईट त्या दिवशी आलीच न्हाई. गेणभाऊची बारी झालीच न्हाई. त्यो जिंकला न्हाई, मी बी न्हाई. अंधारात माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "पावणं, तास मात्र लई सरळ धरलं व्हतं. मला न्हाई येत तसं." आता ह्येला काय म्हणावं? बारा वेळा हरवलं तवा एवढं लागलं नव्हतं. मला म्हणायला पायजे व्हतं, काय तरी चांगलं. मी म्हणलं, तुमच्याकडं लाईट लई जाती.

लगीन आलं. तळेघरला मांडव. पोपटनं निकाल दिला, दोघं बरोबरीला, मंग पयला फेटा दोघांना एकाच वेळी. दोन पाट मांडलं, दोन फेटंवालं बोलावलं, दोन सारखं गुलाबी कापड, सगळा मांडव आमच्याकडं बघतोय. पोपट म्हणला, "हां, सुरू."

दोघांनी एकदम सुरू केलं. माझ्याकडचा बी चांगला कारागीर व्हता, त्याचा काय दोष न्हाई. पर मी आधीच सांगितलं ना तुमाला, गेणभाऊचं डोकं केवढं? नारळाएवढं! चार येढं, झाला फेटा. शेमला पाठीवर, तुरा वर, आणि ह्यो हुभा. आणि माझं? माझं डोकं पयल्यापास्नं मोठं, आमच्या घराण्यातच हाय. माझ्याकडचा येढ्यावर येढं घेतोय, कापाड संपत आलं, शेमल्याला पुरंना, सगळं सोडून परत पयल्यापास्नं. निम्मा फेटा डोक्यावर, निम्मा त्याच्या हातात, मी पाटावर तसाच, फोटोत बसल्यासारखा. आणि कानाशी वाकून, तोच गोड आवाज, "पावणं, च्या पिऊन येऊ का?"

मी जळत न्हाई हो. आता तर महिन्यात पंधरा दिवस त्याच्याकडं जाऊन नांगरतो, कॉम्प्युटरवर नाव त्याचं दिसतं, तरी काय म्हणत न्हाई. बोर्ड बदलून मिळतो, कार्ड बदलून मिळतं, दात बघून प्रोसेसर बी मिळतो. पर ह्ये खांद्यावरचं... ह्ये कुठल्या दुकानात बदलून देत्यात?